सात घरांचं इंजिन

काकिनुमा सरांच्या गाडीचं इंजिन माझ्या शर्टाच्या खिशानं मारलं. मी त्या वेळी शर्टाच्या आत होतो, एवढाच काय तो माझा संबंध.

जानेवारीतला रविवार होता. सरांच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडं होतं. इंजिन ज्या नळीतून श्वास घेतं ती काढायची, आतली काजळी पुसायची आणि नळी परत बसवायची, इतकंच काम, तेही मी स्वतःहून मागून घेतलेलं. मी पंपांच्या कारखान्यात लेथवर आहे; उघडं यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात. वाकलो, पुसलं, नळी बसवली, तर एक नट कमी. म्हटलं, पडला असेल गवतात. डब्यातला दुसरा लावला.

"झालं सर, मारा चावी."

सरांनी आधी गाडीभोवती फेरी मारली. खाली वाकून चाकाशी मांजर बसलेलं नाही ना, ते पाहिलं. आत बसले, आरसा बोटभर हलवून परत होता तिथेच आणला, पट्टा लावला आणि चावी फिरवली. इंजिनानं पहिला श्वास घेतला, आणि नळीच्या तोंडाशी बसलेला माझा नट गिळला.

पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी जिन्यावरून सोडून द्यावा तसा आवाज झाला. मग काहीच आवाज झाला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

सर शांतपणे उतरले. "पेठे, वाकलास तेव्हा वरच्या खिशात काय होतं?"

आमच्या कारखान्यातल्या गणवेशाला वरचा खिसा नसतो. वीसेक वर्षं तो घालून मी समजत होतो की मालक कापड वाचवतो.

सर म्हणजे आमच्या ओनोहारा गावातल्या ड्रायव्हिंग शाळेचे निवृत्त शिक्षक. इथल्या शाळेला स्वतःचं मैदान असतं. त्यात खोटे रस्ते, खोटे सिग्नल, खोटं रेल्वेचं फाटक आणि खरे शिक्षक. सर त्यातले जरा जास्तच खरे. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी डाव्या सीटवर काढली. स्टेअरिंग इथेही आपल्यासारखं उजवीकडेच; डावी सीट शिक्षकाची, आणि तिच्यापुढे त्याच्यासाठी एक जादा ब्रेक. बाकीचे शिक्षक तो उजव्या पायानं दाबत. सरांचा उजवा गुडघा शाळकरी वयात बेसबॉल खेळताना दुखावलेला, म्हणून ते डाव्या पायानं दाबत. हा डावा पाय ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

गावात ज्याला गाडी येते त्याला ती सरांनीच शिकवलेली. कुठल्याही चौकात उभे राहा. प्रत्येक जण वळायच्या आधी बोट दाखवून "उजवीकडे ठीक, डावीकडे ठीक" असं पुटपुटताना दिसेल. देवळापुढे नमस्कार करताना सुद्धा काहींच्या तोंडून ते निघून जातं. मी पुण्याचं लायसन्स घेऊन आलो होतो, पण इथलं करून घ्यायला परीक्षा द्यावी लागते. पहिल्या खेपेला गाडी सुरू व्हायच्या आतच नापास झालो, कारण गाडीखाली वाकून पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला पाहिलं, तर परीक्षक म्हणाले, मनापासून पाहिलं नाही. तेव्हा कुणीतरी सरांकडे पाठवलं. सरांनी मला मनापासून वाकायला शिकवलं. लायसन्स मिळालं आणि सर कायमचे मिळाले, दोन घरं पलीकडे.

निवृत्तीनंतर लोक बोन्साय करतात, गेटबॉल खेळतात. सरांनी आदल्या वर्षी पावसाळ्याआधी एक जुनी दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आणली. गेल्या शतकातली, लांब नाकाची, पुढचे दिवे पापण्यांसारखे उघडणारे, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. असल्या गाडीला मुद्दाम तिरकं घसरवत वळण घेतात, त्याला ड्रिफ्ट म्हणतात; गावातली निम्मी मंडळी तरुणपणी डोंगराच्या रस्त्यावर तेच उद्योग करून हाडं मोडून घेऊन आली आहेत. पण सरांनी? चार थेंब पाऊस पडला की विद्यार्थ्याला मैदानाबाहेर न नेणाऱ्या सरांनी?

"पोपट पाळा म्हटलं होतं मी," फुमिए काकू मला म्हणाल्या. त्या सरांच्या पत्नी. "पोपटाला निदान पेट्रोल लागत नाही."

कारण सरांनी मला एकदाच सांगितलं, नखं कापता कापता, वर न बघता.

"बर्फावर गाडीचा मागचा भाग घसरला, तर तो ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टेअरिंग वळवा. हे वाक्य मी किती लोकांना सांगितलं असेन?"

"सगळ्या गावाला."

"माझी गाडी आयुष्यात एकदाही घसरलेली नाही. घसरायच्या आधीच माझा पाय ब्रेकवर जायचा. म्हणजे ते वाक्य खरं की खोटं, मला माहीत नाही." मग कापलेली नखं गोळा करत, "हानावाला माहीत आहे."

हानावा बाईंचं पुलाजवळ केशकर्तनालय आहे. लायसन्स मिळालं त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांची गाडी गोठलेल्या पुलावर घसरली, कठड्याच्या शेवटाला वळसा घालून खालच्या भातखाचरात उतरली, आणि त्यांचा पुढचा एक दात गेला. त्या जागी सोन्याचा बसवला. बाई हसतात खूप, त्यामुळे तो गावाच्या चांगलाच ओळखीचा आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या ती गोष्ट सांगतात: "सरांनी सांगितलं तसंच केलं हो! स्टेअरिंग वळवलं, आणि थेट बेडकांच्या घरी!" त्यात राग कणभर नाही. पण त्या दिवसापासून सर केस कापायला रेल्वेनं शेजारच्या गावी जात आले होते. रेल्वेनं, कारण गाडीनं जायचं तर पुलावरून, दुकानासमोरून जावं लागतं.

आणि वेळ थोडा होता. येत्या नोव्हेंबरात सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. गावातल्या म्हाताऱ्यांना ते वर्षानुवर्षं सांगत आले होते, की कुणी मागायच्या आत लायसन्स पोलिसचौकीत परत करा, मागितल्यावर दिलं तर त्यात शोभा नाही. आता पाळी त्यांची. पंचाहत्तरीच्या दिवशी लायसन्स द्यायचं, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. त्याआधी ते एक वाक्य तपासून घ्यायचं होतं. आणि नेमक्या त्या वाक्याच्या आड माझा नट आला होता.

इंजिन पाहायला ओगाने आला. हा स्ट्रॉबेरीवाला. पन्नाशी उलटलेली, केस अजून कुरळे करून घेतलेले. तरुणपणी डोंगरातल्या घसराघसरीत त्याचं नाव होतं. पुढे एका देवदाराच्या झाडानं त्याला संसाराकडे वळवलं. त्यानं प्लग काढून आत छोटा दिवा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं आणि टोपी काढली.

"गेलं," म्हणाला. "पिस्टनला भोक आहे. झडपा वाकल्यात. पेठे-सान, एका नटाकडून इतकं काम मी कधी पाहिलं नव्हतं."

"दुरुस्त?"

"त्यापेक्षा बदलून टाकू. कंपनीनं पुढे याच गाडीत दोन लिटरचं इंजिन घातलं होतं. ते बसतं. पण नुसतं इंजिन घालून भागत नाही. त्याचा गिअरबॉक्स वेगळा, त्याला धरणारे पाय वेगळे, मागे ताकद नेणारा दांडा वेगळा, आणि सगळ्या वायरींचं जंजाळ वेगळं. माणसाचं डोकं बदलायचं ठरवलं की मान, टोपी आणि बायको, तिन्ही बघावी लागतात, तसं."

"आणि मिळणार कुठे?" सरांनी विचारलं.

ओगाने कुरळे केस खाजवत हसला. "सर, गावात एकेका खोपटात काय काय झाकून ठेवलंय ते तुम्हाला माहीत नाही. कारण तुमच्यापासूनच लपवलेलं आहे."

फेब्रुवारीत आमच्याकडे इनारी देवाचा सण येतो. त्या दिवशी घरोघरी शिमोत्सुकारे करतात. नव्या वर्षाच्या माशाचं उरलेलं डोकं, भुताखेतांवर फेकून उरलेले भाजके सोयाबीन, जाड किसलेला मुळा आणि तांदळाची साके-दारू गाळून राहिलेला चोथा, हे सगळं एकत्र शिजवून गार खायचं. दिसतं असं, की आपल्या आधी कुणीतरी जेवून गेलंय. पण सात घरांचं शिमोत्सुकारे खाल्लं की वर्षभर आजार येत नाही, असं आमच्या तोचिगी भागात मानतात, म्हणून त्या दिवशी लोक वाडगे घेऊन एकमेकांकडे जातात. मी पहिल्या वर्षी एका घरातच आजारी पडलो होतो. आता मला त्यावाचून फेब्रुवारी गेल्यासारखा वाटत नाही.

त्या वर्षी सर आणि मी वाडग्यांबरोबर एक हातगाडी घेऊन निघालो.

पहिलं घर ओगानेचंच. त्यानं वाडगा भरून दिला आणि स्ट्रॉबेरीच्या खोपटात नेऊन प्लास्टिक बाजूला केलं. देवदारावर आपटलेल्या त्याच्या गाडीतलं इंजिन तेल पाजून, पुसून, झबल्यातल्या बाळासारखं गुंडाळून ठेवलेलं होतं.

"कशासाठी ठेवलं होतंस?" सरांनी विचारलं.

"असंच. माझ्या बायकोला वाटतं तो पाण्याचा पंप आहे."

गिअरबॉक्स निघाला देवळाच्या कोठारात, घंटेच्या मागे. भटजींनी तो काढून देताना आमच्याकडे न बघता "सगळंच अनित्य आहे" असं काहीतरी म्हटलं, आणि मग खालच्या आवाजात, "तिसरा गिअर जरा हळू घाला." डाकघरातल्या साहेबांच्या माळ्यावर मागचा दांडा होता. बांधकामवाल्याकडे रेडिएटर, त्याच्या शेजाऱ्याकडे इंजिनाला धरणारे पाय. एका आजीबाईंकडे, ज्यांना सर नीट ओळखत सुद्धा नव्हते, माणसाला दोन्ही बाजूंनी पकडून ठेवणारी खोल सीट होती. त्या तीत बसून टीव्ही बघत. "घेऊन जा, उठताना कंबर धरते," म्हणाल्या. प्रत्येक घरी तोच प्रकार. आधी वाडगा, मग जरा चुळबुळ, मग "सर, रागावू नका, पण..." आणि मग माळ्यावरून काहीतरी जड खाली येई. सर प्रत्येक वेळी एवढंच विचारत, "रस्त्यावर चालवायचास?" समोरचा मान खाली घाली. सर वाडगा पुढे करून म्हणत, "वाढ."

उरलं वायरींचं जंजाळ. ओगानेनं सांगितलं होतं की ते एकाच ठिकाणी आहे. हानावा बाईंच्या धाकट्या भावाची गाडी होती, तो ओसाकाला गेला, वायरी दुकानाच्या पोटमाळ्यावर राहिल्या.

पुलाशी आल्यावर सरांनी हातगाडीची मूठ सोडली. "तू जा. मी इथे गाडी धरतो."

"सर, सपाट रस्ता आहे. गाडी कुठे जाणार?"

"सपाट रस्त्यावर सुद्धा चाकाला अडथळा लावतात," असं म्हणून ते चाकाशी दगड लावत बसले.

बाईंनी मला वाडगा दिला, वायरींचं खोकं दिलं आणि खिडकीतून पुलाकडे पाहिलं. सर पाठ करून उभे होते. "मानेवरचे केस कसे कापलेत ते बघा," बाई म्हणाल्या. "शेजारच्या गावात कात्रीला धार नसते वाटतं. सांगा त्यांना, माझ्याकडे आहे."

मी सांगितलं. सरांनी दगड काढला आणि ते हातगाडी ओढायला लागले.

जूनमध्ये स्ट्रॉबेरी संपल्यावर ओगानेचे हात मोकळे झाले. त्याच्या खोपटाच्या तुळईला साखळी लावून मेलेलं इंजिन वर उचललं. मला पाच पावलं लांब उभं केलं होतं. माझ्या शर्टाचा खिसा फुमिए काकूंनी आदल्या दिवशी दोऱ्यानं शिवून टाकला होता. काढलेल्या इंजिनापुढे सरांनी साकेचा पेला ठेवला आणि दोन्ही हात जोडले. भटजी येऊन थोडं पुटपुटून गेले. इथे मोडक्या सुयांना आणि जुन्या बाहुल्यांनाही असा निरोप देतात, तेव्हा त्यात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते हे, की साखळी धरलेला ओगाने डोळे पुसत होता.

नवं इंजिन आत बसायला बरेच रविवार गेले. ते जागेवर आलं, पण त्याचे पाय बोटभर पुढे पडत. ते कापून पुन्हा जोडले. वायरींचं जंजाळ तर असं, की पहिल्या दिवशी चावी फिरवली आणि वायपर चालू झाले. सरांनी ते बंद करायला हात नेला, तर दिव्यांनी पापण्या उघडल्या. "निदान जिवंत आहे," ओगाने म्हणाला. इंजिन बदलल्याचे कागद सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भरले. सरकारी तपासणीला तपासनीसानं इंजिनाचा नंबर आरशात पाहिला, सरांकडे पाहिलं आणि विचारलं, "नातवासाठी का?"

"माझ्यासाठी," सर म्हणाले. गाडी पास झाली.

मग घसरायला लागणारी तयारी. ओगानेचं म्हणणं, नवशिक्याला जास्त ताकद देऊ नये. गाडी काय बोलते ते ऐकू येईल इतकंच करावं. मागच्या चाकांच्या मध्ये एक वेगळा डबा बसवला, म्हणजे वळताना एक चाक दुसऱ्याला सोडून भलतीकडे मोकळं फिरत नाही, दोन्ही एकत्रच घसरतात. त्यामुळे अरुंद वळणावर गाडीच्या पोटातून खट् खट् आवाज येई. काकूंना भाजी आणायला त्या गाडीतून जावं लागलं की त्या आपली चप्पल खडखडतेय समजून ती सीटखाली शोधत. स्प्रिंगा कडक केल्या. आजीबाईंची सीट बसवली. आणि हँडब्रेकची मूठ बदलली, म्हणजे ओढून सोडला की तो अडकून न राहता लगेच सुटावा.

इथे सर उसळले. "हँडब्रेक गाडी उभी असताना लावायचा असतो!"

"सर, चालती असताना लावला की लवकर उभी राहते."

"तुला मी पार्किंगमध्ये दोनदा नापास केलं होतं, ते बरोबर केलं होतं."

"म्हणून तर गाडी कधी उभीच केली नाही सर, चालवत राहिलो."

मागची चाकं मात्र मुद्दाम गुळगुळीत, घासून गेलेली हवी होती. गावात ज्यांची चाकं झिजली होती ते सगळे आपापली घेऊन आले. जन्मभर ज्या चाकांवरून त्यांनी माणसं नापास केली, ती चाकं सरांनी सही करून ताब्यात घेतली. त्यांचा चेहरा त्या वेळी पाहवत नव्हता.

ऑक्टोबरात डोंगरातल्या बंद मैदानावर नवशिक्यांचा दिवस होता. एका कोपऱ्यात डांबरावर पाणी मारून ठेवलेलं, मध्ये एक शंकू. शंकूभोवती गाडी घसरवत एक वर्तुळ काढायचं, हा पहिला धडा. रांगेत सगळी केस रंगवलेली पोरं. सरांनी आपल्या गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकले, उठले, "उजवीकडे ठीक, डावीकडे ठीक" म्हणाले. मागे एका पोरानं हॉर्न वाजवला. सरांनी त्याच्याकडे जाऊन त्याचा पट्टा तपासला. मग आत बसले आणि वर्तुळाकडे वळायच्या आधी वळणाचा दिवा लावला.

"सर, दिवा नको!" कडेनं ओगाने ओरडला. "सगळं मैदान आपलंच आहे!"

"मागच्याला कळायला नको?"

पहिली फेरी. शंकूशी आले, स्टेअरिंग वळवलं, ॲक्सिलरेटर दाबला. गाडीचा मागचा भाग हलकेच सुटायला लागला, आणि त्याच क्षणी सरांचा डावा पाय खाली आदळला. चाळीस वर्षांचा पाय. पण इथे सर उजव्या सीटवर होते, आणि इथे डाव्या पायाखाली ब्रेक नव्हता, क्लच होता. इंजिन किंचाळलं, चाकांची ताकद तुटली, गाडी सरळ शंकूवर गेली. शंकू आडवा. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीला शंकू गाडीखाली अडकून थेट रांगेपर्यंत आला. सर उतरले, वाकून पाहिलं आणि शंकू काढून म्हणाले, "बघ पेठे, वाकल्याचा उपयोग होतो."

पण विनोद करताना ते हसत नव्हते. दुपार कलली. पोरांची वर्तुळं निघायला लागली होती. सरांचा पाय काही ऐकत नव्हता. "माझ्या मनात नसतं," ते गाडीतून म्हणाले. "घसरतंय असं वाटलं की तो आपोआप जातो. नोव्हेंबर आलाच. हे असंच राहणार बहुतेक."

ओगाने खिडकीशी उकिडवा बसला. आपले कुरळे केस त्यानं बराच वेळ खाजवले.

"सर, तुम्ही घसरलं की घाबरता ना?"

"हो."

"मग आधीच घाबरून घ्या."

"म्हणजे?"

"घसरायची वाट कशाला बघता? वळणाच्या तोंडाशीच घाबरा. तुमचा तो पाय जोरात मारा आणि लगेच उचला. ॲक्सिलरेटर सोडू नका. जन्मभर जो पाय गाडी थांबवायला मारलात, तोच मारा. फक्त ठेवू नका."

सरांनी हे मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं असावं, कारण ओठ हलले. वळणाचा दिवा लावला. निघाले. शंकूशी येताच डावा पाय धाडकन आदळला आणि विस्तवाला लागल्यासारखा वर आला. कोंडलेली ताकद एकदम मागच्या चाकांवर पडली. गाडीची शेपटी सुटली. आणि सरांच्या हातांनी, कुणी न सांगता, शेपटी जात होती तिकडेच स्टेअरिंग वळवलं.

गाडी तिरकी झाली आणि तिरकीच राहिली. पाण्याचा पडदा उडवत, पोटातून खटखट करत ती शंकूभोवती फिरली. अख्खं एक वर्तुळ. वळणाचा दिवा शेवटपर्यंत चालू होता. ज्या पोराचा पट्टा तपासला होता त्यानं आता आनंदानं हॉर्न वाजवला, आणि बाकीच्यांनीही.

सर उतरले. मी धावलो. "सर, वाक्य खरं निघालं!"

"वाक्य खरं होतं," सर म्हणाले. त्यांनी आपल्या डाव्या बुटाकडे पाहिलं. "पण शेजारी बसून पोरं वाक्य कुठे ऐकतात? ती माझा पाय बघत होती. तोंडानं मी सांगायचो वळवा, आणि पाय दाखवायचा दाबा. हानावानं दोन्ही केलं."

परतताना पुलाशी त्यांनी गाडी थांबवली. चाकाला दगड लावला नाही, यावरूनच मला कळलं. दुकानात शिरून थेट खुर्चीत बसले. हानावा बाईंनी गळ्याभोवती कापड बांधलं, चेहऱ्यावर गरम फडकं ठेवलं. फडक्याखालून सर बोलले.

"हानावा, ब्रेकवरून पाय काढ, हे मी तुला शिकवलं नव्हतं. त्या दिवशीची चूक माझी."

बाई कात्री चालवत राहिल्या. "सर, तुम्ही शिकवलं असतं तरी मी दाबलाच असता. पूल संपत होता हो!" सोन्याचा दात आरशात चमकला. "आणि मान जरा खाली घ्या. कुणी कापलेत हे? कोयत्यानं?"

फडकं बराच वेळ चेहऱ्यावरच राहिलं. बाईंनी ते काढायची घाई केली नाही.

पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळी सरांनी कोट घातला. चौकीत मी त्यांना माझ्या छोट्या गाडीतून नेलं, कारण परत येताना त्यांना चालवता येणार नव्हतं. खिडकीवरचा पोलीस त्यांचाच विद्यार्थी. त्यानं उभं राहून दोन्ही हातांनी लायसन्स घेतलं. मागची गर्दी सुद्धा जरा वाकली. स्पोर्ट्स गाडी सरांनी ओगानेच्या खोपटात ठेवायला दिली आहे. नवशिक्यांच्या दिवशी ती मैदानावर जाते, आणि सर डाव्या सीटवर बसून जातात. तिथे ब्रेक नाही. ओगानेनं बसवून देतो म्हटलं, तर नको म्हणाले.

चौकीतून परत निघालो. सर माझ्या शेजारी, डाव्या सीटवर, कोटाचं बटण लावून, नव्यानं कापलेली मान ताठ. मी खाली वाकून पाहिलं होतं, आरसा पाहिला होता, उजवीकडे ठीक म्हटलं होतं. तरी पुलाच्या वळणावर मला त्यांचा डावा बूट पायपुसण्यावर हळूच दाबला गेलेला दिसला. तो तिथेच राहिला. काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी विचारलं, "सर, लायसन्स दिल्याचं वाईट वाटतं का हो?"

सरांनी समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही.

"तू चालवतोस तेव्हा वाटतं."